जुनं पिनबॉल: मोटर थांबत नाही, फ्लिपर ढिला, बंपरची कॉइल तापते

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरमपेठेतल्या एका गृहस्थांनी बंद पडलेल्या क्लबच्या गोदामातून गॉटलिब कंपनीचं सत्तरच्या दशकातलं, एका खेळाडूचं पिनबॉल घेतलं. बाजारातून २३० व्होल्टचे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणून प्लग लावला. दिवे लागले, पण स्टार्टचं बटण दाबलं की आतली मोटर फिरायला लागते ती थांबतच नाही. डावा फ्लिपर (चेंडू वर मारणारा हात) अर्ध्यातच मान टाकतो, उजवा नीट चालतो. एक बंपर (चेंडू लागला की त्याला उसळवणारी टोपी) ओढून धरला गेला, जळका वास आला आणि फ्यूज उडाला. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं, "सगळ्या कॉइली बदला, नाहीतर जुनी वायरिंग काढून नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड टाका." हे खरंच करावं लागेल का, आणि सामान नागपुरात मिळेल का, असं त्यांनी विचारलंय.

बोर्ड टाकू नका. कॉइलीही बदलू नका, निदान आत्ताच नाही. तुमच्या यंत्रात एकही चिप नाही. आत आहेत रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), कॉइली, स्प्रिंगा आणि काही शे पितळी पट्ट्या, ज्यांच्या टोकांना चांदीचे ठिपके आहेत. अशा यंत्रात जळालेला भाग क्वचितच सापडतो. सापडतो तो मळलेला ठिपका, वाकलेली पट्टी आणि वाळून गोंद झालेलं ग्रीस. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी याच वर्गातल्या आहेत. कॉइल जळते ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीमुळे. नवी घातली तरी मूळ दोष तसाच असेल तर तीही आठवड्यात जाईल.

पहिलं काम, प्लग काढून ठेवा. पुढचे बरेच दिवस त्याची गरज नाही.

बॅकबॉक्स (मागचा उभा डबा) उघडा, प्लेफील्ड (चेंडू फिरतो ती फळी) उचलून टेकवा आणि मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. तळाशी उंदरांनी घर केलेलं असणारच, तेव्हा तोंडाला मास्क लावून ब्रशने झाडा. थेट हवेचा झोत मारू नका, घाण रिल्यांमध्ये जाऊन बसते. कॅबिनेटच्या तळात बरेचदा एक घडी घातलेला मोठा कागद असतो. तो सर्किटचा नकाशा आहे. मिळाला तर तसाच नेऊन मोठ्या आकारात दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद परत वापरू नका. डोकं आणि धड यांना जोडणारे मोठे बहुपिनी प्लग काढून, पिना घासून पुसून परत घट्ट बसवा. निम्मी गूढ दुखणी इथेच जातात.

मग हाताने तपासणी. मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि नवखा माणूस नेमकं हेच टाळतो. प्रत्येक रिलेची पट्टी बोटाने दाबा, सोडली की टप्पकन परत यायला हवी. प्रत्येक स्कोअर रीलचा (गुण दाखवणाऱ्या आकड्यांच्या चाकाचा) प्लंजर, म्हणजे कॉइलमधली दांडी, दाबून सोडा: दहा वेळा दाबलं की रीलची एक फेरी पूर्ण व्हायला हवी, मध्ये कुठेही अडखळता कामा नये. चेंडूंची मोजणी करणारं आणि क्रेडिट मोजणारं अशी जी स्टेपर युनिटं आहेत, त्यांचे दात एकेक पुढे सरकवा आणि मागे आणणारी कळ दाबा; क्रेडिटचं युनिट एकेक घरच मागे येतं. स्प्रिंगच्या जोरावर झटक्यात मागे आली तर ठीक. आळसावत आली किंवा मध्येच थांबली तर ती उघडून साफ करावी लागतील. आपल्याकडे मे महिन्यात बंद गोदामाच्या पत्र्याखाली काय तापमान होतं ते सांगायला नको. अशा उन्हाळ्यांमध्ये ग्रीसमधलं तेल उडून जातं आणि मागे तपकिरी लुकण उरतं.

ते लुकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने काढा. बेकेलाइटच्या चकतीवरचे पितळी रिव्हेट हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने चमकवा. नंतर तिथे सिंथेटिक ग्रीसचा अगदी पुसट थर द्या, बस. बाकी कुठेही तेल नाही. प्लंजरला नाही, कॉइलच्या आत नाही, रीलला नाही. घरातला तो सर्वरोगहारी स्प्रेचा डबा या खोलीत आणूच नका. दोन दिवस यंत्र छान चालतं आणि मग धूळ बसून पुन्हा चिकटतं. शिवाय ठिणग्या पडणाऱ्या जागी असलं ज्वालाग्राही काही असणं धोक्याचंच.

आता तुमची न थांबणारी मोटर. ही तक्रार मला आवडते, कारण यंत्र इथे स्वतःच बोट दाखवत असतं.

स्टार्टचं बटण दाबलं की स्टार्टचा रिले ओढला जातो आणि स्कोअर मोटर फिरते. तिच्या दांड्यावर कॅम, म्हणजे उंचवटे असलेल्या चकत्या आहेत, कॅमवर स्विचच्या पट्ट्या आहेत, आणि त्या ठरावीक ठोके देतात. पन्नास गुण मिळाले की दहाच्या रीलला जे पाच ठोके बसतात तेही इथूनच येतात. खेळ सुरू करताना हेच ठोके शून्यावर नसलेल्या प्रत्येक रीलला मिळतात. रील एकेक घर पुढे सरकते, शून्यावर पोहोचली की तिच्या कडेचा एक स्विच उघडतो आणि तिचे ठोके बंद होतात. शेवटची रील शून्यावर आली की रीसेटचा रिले सुटतो आणि मोटर आपल्या जागी येऊन थांबते. म्हणजे थांबत नसलेली मोटर बिघडलेली नसते. ती कोणाची तरी वाट पाहत असते. कोणाची, ते शोधायचं.

बॅकबॉक्स उघडा ठेवून, सगळी सफाई आणि पुढे सांगितलेली विजेची तयारी झाल्यानंतर, एकदा बटण दाबा आणि रीलींकडे बघा. एखादी रील आकड्यावर गप्प उभी असेल आणि तिची कॉइल हलतच नसेल, तर तिला ठोका पोहोचत नाही: वायरचा सोल्डरचा डाग सुटलाय किंवा वाटेतला कॉन्टॅक्ट मळलाय. कॉइल टकटक करते पण रील सरकत नाही, तर दात धरणारी कुत्री, म्हणजे खिट्टी, झिजली आहे, किंवा स्प्रिंग सैल आहे, किंवा पुन्हा तेच लुकण. रील शून्यावर येते आणि न थांबता पुढे पळते, तर शून्याचा स्विच उघडत नाही. आणि सगळ्या रीली शून्यावर शहाण्यासारख्या उभ्या असून मोटर फिरतेच आहे, तर शून्याच्याच स्विचच्या गठ्ठ्यातली दुसरी जोडी मिटून राहिलीय, किंवा चेंडू मोजणारं युनिट मागे आलेलं नाही, किंवा मोटरचा स्वतःचा थांबण्याचा स्विच वाकडा आहे. एवढ्या कारणांबाहेर प्रकरण फारसं जात नाही. तुमच्या वर्णनावरून माझा संशय दहाच्या रीलवर आहे, कारण सगळ्यात जास्त फिरलेली आणि झिजलेली रील बहुधा तीच असते. मोटर फिरत असताना त्या रीलला बोटाने पुढे ढकलून शून्यावर आणता येतं. मोटर लगेच थांबली तर गुन्हेगार सापडला. मात्र बोट फक्त रीलच्या प्लास्टिकला लावा, पट्ट्यांना आणि डागांना नाही.

कॉन्टॅक्ट साफ करायची पद्धत सांगतो, कारण इथे लोक उत्साहाच्या भरात यंत्र बिघडवतात. चांदीच्या ठिपक्यांना कानस लावायची नाही. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून मिटलेल्या ठिपक्यांमधून दोन-तीनदा ओढा, काळी रेघ उमटेल. फारच काळे असतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी, तीही एकदाच. कानस फक्त टंगस्टनच्या जाड कॉन्टॅक्टना, म्हणजे फ्लिपरच्या वाटेवरच्या. वाकवण्याआधी त्या गठ्ठ्याचे दोन्ही स्क्रू आवळा. इतक्या वर्षांत मधल्या इन्सुलेशनच्या पट्ट्या आक्रसतात, गठ्ठा सैल होतो, आणि नुसतं आवळल्यावर निम्म्या पट्ट्या आपोआप जागेवर येतात. उघड्या जोडीत साधारण दीड मिलिमीटर फट हवी. मिटताना एक पट्टी दुसरीला किंचित ढकलत गेली पाहिजे, नुसती टेकून चालत नाही. त्या ढकलण्यातच ठिपके एकमेकांना घासून स्वतःला साफ ठेवतात.

दिवे लागतात पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, अशी वेळही तुमच्यावर येईलच. तेव्हा आधी टिल्ट बघा. कॅबिनेटमध्ये लोलक आहे, उतारावरची गोळी आहे, आणि नाण्याच्या दाराजवळ व तळाशी वजन लावलेल्या पट्ट्या आहेत. यातलं काही वाकलं असेल तर यंत्राला वाटतं कोणी तरी आपल्याला लाथ मारतंय, आणि ते संप करतं.

फ्लिपर. उजवा नीट चालतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि सामाईक वायर ठीक आहेत. दोष डाव्या बाजूच्या हातभर जागेत आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची जोर लावते, बारीक तारेची फक्त वर धरून ठेवते. फ्लिपर खाली असताना शेवटचा स्विच मिटलेला असतो आणि बारीक गुंडाळीला वळसा घालून सगळा प्रवाह जाड तारेतून जाऊ देतो. फ्लिपर वर पोहोचला की हा स्विच उघडतो आणि बारीक गुंडाळी प्रवाह आटोक्यात आणते. आता हा स्विच मळला तर काय होईल? सुरुवातीपासूनच प्रवाह बारीक तारेतून, म्हणजे फ्लिपर मेल्यासारखा. आणि उघडलाच नाही तर? बटण धरून ठेवलं की जाड गुंडाळी तापून फ्यूज उडतो किंवा कॉइल जळते. तुमचं दुखणं पहिलं आहे. टंगस्टनचे ठिपके कानसाने सपाट करा, फ्लिपर पूर्ण वर असताना दोन-तीन मिलिमीटर उघडेल असं बघा, आणि कॅबिनेटच्या कुशीतला बटणाचा स्विचही तसाच घासा.

तरी जोर आला नाही तर यंत्रणा खोला. प्लंजरचं टोक आपटून आपटून फुगलेलं असेल. ते लेथवर किंवा कानसाने मूळ मापाला आणा. कॉइलच्या आतली नळी धातूची असेल तर ती काढून नायलॉनची घाला. फ्लिपरच्या दांड्याला हाताने वर-खाली हलवून बघा, चिमूटभर खेळ हवा. अजिबात नसेल तर तो वरच्या बुशीला घासतोय.

बंपरच्या बाबतीत घाई नको, कारण आग लागू शकते ती इथूनच. चेंडू बंपरच्या प्लास्टिकच्या झालरीला लागतो, झालरीखालची दांडी एका चमच्यासारख्या वाटीत टेकलेली असते, ती कलली की स्विच मिटतो, रिले ओढला जातो आणि रिले कॉइलला प्रवाह देतो. कॉइलने ओढलेलं बंपरचं कडं खाली आलं की त्याच्याच टोकाचा स्विच रिलेला सोडतो. दांडी वाटीच्या मधोमध नसेल तर स्विच कायमचा मिटलेला राहतो. टोकाचा स्विच उघडत नसेल तर रिले कायमचा धरलेला. दोन्हीत कॉइल भाजते. झालर चारही बाजूंनी बोटाने दाबा. सगळीकडे सारख्याच दाबाने स्विच मिटला पाहिजे आणि सोडताच उघडला पाहिजे. चमचा धरणारे स्क्रू सैल करून त्याला मधोमध आणा. मग कॉइलची एक वायर सोडवून मीटर लावा. रीडिंग जवळजवळ शून्य आलं, किंवा आतली तार तुटल्यामुळे आलंच नाही, किंवा वरचा कागद काळा पडून नळी आत वितळली असेल, तरच ती कॉइल गेली असं समजा.

गेली तर नागपुरात काळजी नाही. कूलरचे पंप आणि मोटरी भरून देणाऱ्यांचं हे शहर आहे, छोटी कॉइल गुंडाळणं त्यांच्या हातचा मळ. फक्त एक सांभाळा. अमेरिकन तारेचा गेज वेगळा आणि आपल्याकडचा कारागीर ज्या गेजमध्ये बोलतो तो वेगळा. अमेरिकन २३ नंबरची तार ०.५७ मिलिमीटर असते, आपल्याकडची २३ नंबरची ०.६१. नंबर सांगू नका, मायक्रोमीटरने मोजलेलं मिलिमीटरमधलं माप सांगा. विल्यम्स या दुसऱ्या पिनबॉल कंपनीच्या कॉइलवर गेज आणि वेढे छापलेलेच असतात, गॉटलिबच्या कॉइलवर फक्त भाग-क्रमांक असतो. म्हणून जुनी तार उलगडताना वेढे मोजायला सांगा.

आता वीज, जी तुम्ही सगळ्यात आधी लावलीत आणि खरं तर जी सगळ्यात शेवटी यायला हवी. आधी यंत्रातल्या ट्रान्सफॉर्मरवरची पट्टी वाचा. निर्यातीच्या यंत्रांना बरेचदा २२० किंवा २४० चं टोक दिलेलं असतं. तसं असेल तर बाहेरचा डबा लागणारच नाही. फक्त अमेरिकन असेल तर लक्षात ठेवा, तो ६० हर्ट्झसाठी बनलाय आणि आपल्याकडे ५० आहे. कमी हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला लोखंड जास्त चुंबकीय भार घेतं आणि तापतं. १२० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झवर हिशोबाने १०० व्होल्टच सोसतात. पण १०० दिले तर फ्लिपर मलूल होतात. म्हणून वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्हीएचा, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा स्टेप-डाउन करून घ्या, १००, १०५ आणि ११० अशी टोकं काढून. १०५ वर तासभर चालवून यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरला हात लावा; कोमट असेल तर ११० वर जा. बाजारातले स्वस्त डबे एकाच गुंडाळीचे असतात, त्यात मेन लाइनपासून सुटका नसते. ५० हर्ट्झवर स्कोअर मोटर साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरेल, त्याने काही बिघडत नाही.

दोन वायरींची जुनी केबल फेकून द्या. तीन वायरींची घाला आणि अर्थिंग ट्रान्सफॉर्मरच्या सांगाड्याला, नाण्याच्या दाराला, बाजूच्या धातूच्या पट्ट्यांना, पुढच्या लॉकबारला आणि चेंडू सोडायच्या दांड्याच्या कवचाला जोडा. ज्या घरात उन्हाळ्यात मंडळी कूलरच्या पाण्यात ओल्या पायांनी वावरतात तिथे हे टाळून चालणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड वापरा, २०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून; एलईडी इथे कामाचा नाही. यंत्राचा दिव्यांचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर तेच दिवे बल्ब पेटवतील आणि तुम्हाला शॉर्ट आहे असं वाटेल. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर पुढे जा. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज छापलेल्या आकड्याचाच. वर तारेचा तुकडा गुंडाळायची आपली सवय इथे महागात पडते, कारण या यंत्रात फ्यूज उडणं ही बंपर अडकल्याची पहिली बातमी असते.

सामानाचं म्हणाल तर चेंडू कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल: २७ मिलिमीटरची, म्हणजे एक पूर्णांक एक सोळांश इंचाची पोलादी गोळी, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. जुना गंजका चेंडू एकही डाव वापरू नका, तो रंगावर पॉलिश पेपरसारखा चालतो. रबराच्या रिंगा, नायलॉनच्या नळ्या आणि फ्लिपरचे दुवे बाहेरून मागवावे लागतील. हायड्रॉलिक सामानाच्या दुकानातल्या ओ-रिंग तात्पुरत्या चालतील, पण उसळी कमी मिळते. दिव्यांसाठी ४४ नंबरऐवजी ४७ नंबरचे घ्या, दोन्ही ६.३ व्होल्टचे, पण पहिला २५० मिलीअँपिअर घेतो आणि दुसरा १५०, त्यामुळे मागची काच कमी तापते.

त्या काचेविषयी मात्र हात जोडून विनंती. बॅकग्लासचं चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. ती बाजू ओल्या फडक्यानेही पुसू नका, काच पुसायचा निळा स्प्रे तर नाहीच. पापुद्रे सुटले असतील तर चिकटवायलाही जाऊ नका. जसं आहे तसं ठेवून मागून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर द्या. नवी प्रत छापून मिळते, पण मूळ काच चरे-तडे असूनही मला जास्त देखणी वाटते. प्लेफील्डला पाणी लावू नका, जुनं मेण नॅफ्थाने काढा आणि कार्नौबा मेण चढवा. सिलिकॉनचं फर्निचर पॉलिश नको. कॅबिनेटला वाळवी असेल तर औषध टोचून, पोकळ झालेलं प्लाय सुताराकडून बदलून घ्या, यात विशेष असं काही नाही.

१९७७ नंतर बहुतेक कंपन्या बोर्डांवर गेल्या. कोणी तुम्हाला तसलं यंत्र विकायला आलं तर आधी मुख्य बोर्डावरची बॅटरी बघा. गळलेल्या बॅटरीचा हिरवा क्षार तांब्याच्या रेषा खातो, आणि त्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीला टेकतो. तुमचं त्या मानाने भाग्यवान.

शेवटी जागा. कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. दिवसभर दमट आणि रात्री कोरडं असं झालं की प्लेफील्डच्या लाकडाला रेषेरेषेने तडे जातात. आडवी पातळी आधी साधा, मग मागचे पाय उंचावून उतार साडेतीन अंशांवर आणा. आजच्या यंत्रांचा साडेसहा अंशांचा उतार इथे दिला तर फ्लिपर चेंडू वर पोहोचवूच शकणार नाही आणि तुम्ही पुन्हा कॉइलला दोष द्याल. टिल्टचा लोलक उतार बदलला की कडीच्या मध्यावरून सरकतो, म्हणून तो सगळं झाल्यावर लावा, आणि सुरुवातीला थोडा सैलच.